संबंधानंतरची डॉक्सी: पुण्यातल्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

(संबंधानंतरची डॉक्सी म्हणजे कंडोमशिवायच्या संबंधानंतर लैंगिक आजार टाळण्यासाठी घ्यायचं डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचं वय, गाव आणि कामाचे तपशील बदलले आहेत.)

वय ३१. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, वाकडला दोन मित्रांबरोबर भाड्याचा फ्लॅट, आईवडील कराडजवळच्या गावी. तक्रार अशी की तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस-तपकिरी डाग उठले आहेत, तीन आठवडे झाले, खाज नाही, दुखत नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी समजून सिट्रिझिन आणि एक स्टेरॉइडचं मलम दिलं होतं. त्याने फरक पडला नाही म्हणून तो कोथरूडला माझ्याकडे आला. वाकडला त्वचारोगतज्ज्ञ नाहीत असं अजिबात नाही, पण तिथल्या बाकड्यावर ऑफिसमधलं कुणीतरी शेजारी येऊन बसेल ही त्याची धास्ती होती.

खाज नसलेलं पुरळ तळहातावर उतरलेलं दिसलं की व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी मागवायची, हे आम्हाला पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी शिकवतात. दुसऱ्या टप्प्यातला सिफिलिस, म्हणजे जुन्या भाषेतली गरमी, असाच दिसतो. तरीही तो सुटतो, कारण आपल्याकडे ‘लग्न झालंय का?’ एवढ्या एकाच प्रश्नात लैंगिक इतिहास उरकला जातो. उत्तर ‘नाही’ आलं की विषय संपला, आणि ‘हो’ आलं तरी संपलाच.

रक्तदाबाची गोळी चालू आहे का, हे ज्या सुरात विचारते त्याच सुरात मी विचारलं, “गेल्या वर्षभरात शरीरसंबंध आलेत का? पुरुषांशी, स्त्रियांशी, की दोघांशी?”

त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “पुरुषांशी.”

ओळखी ॲपवरून, वर्षभरात दहा-बारा जोडीदार, त्यातले दोघे नेहमीचे. कंडोम ‘बहुतेक वेळा’. बहुतेक म्हणजे किती, असं विचारल्यावर गाडी ‘निम्म्या वेळा’वर आली. एचआयव्ही टाळण्यासाठी तो एका तज्ज्ञांच्या देखरेखीखाली रोज टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची गोळी, म्हणजे प्रेप, घेत होता आणि ती चुकवत नव्हता. आठ महिन्यांपूर्वी लघवीच्या जागेतून पू आला होता. तो परमा, म्हणजे गनोरिया, निघाला आणि त्यावर इंजेक्शन झालं होतं. थोडक्यात, निष्काळजी माणूस नव्हता. उलट, काळजी घेण्याचा त्याचा स्वतःचा एक बेत होता, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या बेतामुळे.

“मॅडम, मी तर प्रत्येक वेळी ॲझी घेतो,” तो म्हणाला. भेट ठरली की आदल्या रात्री ॲझिथ्रोमायसिन ५००ची एक गोळी, दुसऱ्या दिवशी आणखी एक. कधी मनात जास्तच शंका आली तर सेफिक्झिमसुद्धा. हे त्याला एका मित्राने सांगितलं होतं, आणि मित्राला आणखी कुणीतरी. गोळ्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. सेफिक्झिम शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी पाहायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ती तीन वर्षं जपायची. प्रत्यक्षात ‘घसा दुखतोय’ एवढं पुरतं.

म्हणजे प्रतिबंधासाठी अँटिबायोटिक द्यावं का, हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा त्याचं एक उत्तर आधीच अमलात आलेलं होतं. औषध चुकीचं, मात्रा चुकीची, तपासणी शून्य.

तपासण्या आणि त्यांची अडचण

व्हीडीआरएल १:६४ ला रिॲक्टिव्ह, म्हणजे रक्ताचा नमुना चौसष्टपट पातळ करूनही. सिफिलिसची खात्री करणारी टीपीएचए पॉझिटिव्ह. एचआयव्ही निगेटिव्ह, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. घसा, लघवी आणि गुदद्वार अशा तीन ठिकाणच्या नमुन्यांची क्लॅमिडिया (हाही संबंधातून पसरणारा संसर्ग) आणि गनोरियासाठी पीसीआर केली. गुदद्वाराच्या नमुन्यात क्लॅमिडिया सापडला, बाकी सगळं साफ. गुदद्वाराची तक्रार मात्र त्याला कसलीच नव्हती. फक्त लघवी तपासली असती तर हा क्लॅमिडिया हाती लागलाच नसता, आणि पुण्यात ‘एसटीडी पॅनेल’ म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेकदा रक्त आणि लघवीच असते. सिफिलिसची पहिली, न दुखणारी जखमही बहुधा आत कुठेतरी होऊन आपोआप भरून आली असावी. म्हणून ती त्याला दिसली नाही.

ॲझिथ्रोमायसिनने सिफिलिस का थांबला नाही? या जंतूच्या ज्या जाती आज जगभर फिरत आहेत त्यांतल्या अनेकांना मॅक्रोलाइड गटाची औषधं लागू पडत नाहीत, आणि ॲझिथ्रोमायसिन याच गटातलं. जंतूच्या रायबोसोममधल्या एका अक्षराच्या बदलाने हे औषध निकामी होतं. गनोरियाच्या बाबतीतही ॲझिथ्रोमायसिनचा भरवसा केव्हाच उडाला आहे. अमेरिकेने २०२० साली ते गनोरियाच्या उपचारातून काढून टाकलं. म्हणजे त्याच्या त्या गोळ्या सिफिलिस रोखत नव्हत्या, परमा रोखत नव्हत्या. घशातल्या आणि आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंना मात्र प्रतिकार शिकवत होत्या.

तपासण्यांची खरी अडचण वैद्यकीय नव्हतीच. कंपनीचा आरोग्य विमा होता, पण ‘एचआरला कळेल’ म्हणून त्याने सगळं रोखीने केलं. नमुना घरी येऊन घेणारा मुलगा नको होता, कारण फ्लॅटवर मित्र. त्याहून कठीण भानगड लॅबच्या ॲपची. आईवडिलांच्या साखरेच्या तपासण्यांसाठी त्याने वर्षापूर्वी त्या ॲपवर खातं उघडलं होतं आणि त्याला वडिलांचा मोबाइल नंबर जोडलेला होता. ‘आपला टीपीएचए अहवाल तयार आहे’ हा मेसेज कराडला वाजला असता. आम्ही वेगळ्या लॅबमध्ये, वेगळ्या नंबरवर तपासण्या केल्या. दर तीन महिन्यांनी तपासणी करा असं लिहिणं सोपं असतं. ती कुठे करायची, पैसे कसे द्यायचे आणि रिपोर्ट कुणाच्या फोनवर येणार, हे रुग्णाबरोबर बसून ठरवलं नाही तर तो पुढच्या वेळी येत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या लैंगिक आजारांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये सिफिलिसची तपासणी आणि औषध मोफत मिळतं, हेही मी सांगितलं. तिथे पाट्या लावलेल्या असतात म्हणून त्याने नकार दिला.

उपचारात नवं काही नव्हतं. बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, अर्धं एका बाजूच्या कमरेत, अर्धं दुसऱ्या. हे औषध फार जुनं आहे आणि आजही सिफिलिसला यासारखं दुसरं नाही. या जंतूने पेनिसिलिनला दाद न दिल्याची नोंद जगात कुठेही नाही. तरी ते मिळवताना दोन-चार दुकानं पालथी घालावी लागतात आणि रिॲक्शनच्या भीतीने अनेक दवाखाने ते टोचायला तयार होत नाहीत. त्याच रात्री ताप आणि अंगदुखी येऊ शकते, ती जंतू एकदम मेल्यामुळे येते, ॲलर्जी नव्हे, हे आधीच सांगून ठेवलं. तसा ताप आलाही. क्लॅमिडियासाठी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस.

जोडीदारांना कळवायचं होतं. मेसेज आम्ही दवाखान्यात बसूनच लिहिला: ‘माझी सिफिलिसची टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे, तूही व्हीडीआरएल करून घे.’ गेल्या ९० दिवसांतल्या जोडीदारांना रिपोर्टची वाट न पाहता उपचार द्यायचे असतात. एकाने त्याला ब्लॉक केलं, दोघे तपासून घ्यायला गेले, बाकीच्यांचं ॲपवरचं नाव सोडून काहीच माहीत नव्हतं.

त्याचा प्रश्न

पुढच्या भेटीत तो फोनवर काहीतरी उघडूनच आत आला. शाळेतला एक मित्र सॅन फ्रान्सिस्कोला असतो. तिकडे दवाखान्यातूनच डॉक्सी देतात, संबंधानंतर घ्यायची. “मला का नाही?”

सॅन फ्रान्सिस्कोच्या आरोग्य विभागाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ही पद्धत सुरू केली हे खरं आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय रोगनियंत्रण संस्थेने, देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०२५ मध्ये ब्रिटननेही आपली दिली. योजना अशी: कंडोमशिवाय संबंध आल्यास शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत, डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच घ्यायची. २४ तासांत २०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. सीडीसीने हे सगळ्यांसाठी सांगितलेलं नाही. पुरुषांशी संबंध असलेले पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया, आणि त्यातही ज्यांना गेल्या बारा महिन्यांत सिफिलिस, क्लॅमिडिया किंवा गनोरिया होऊन गेला आहे, अशांशी डॉक्टरने या पर्यायाबद्दल बोलावं, असा तो सल्ला आहे. माझा रुग्ण या चौकटीत एकदा नाही, तीनदा बसत होता.

त्यामागचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. फ्रान्समध्ये प्रेप घेणाऱ्या २३२ पुरुषांवरच्या अभ्यासात, २०१८ सालच्या, क्लॅमिडिया आणि सिफिलिस सुमारे ७० टक्क्यांनी घटले. सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलमधला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, ५०१ जणांचा. प्रेप घेणाऱ्यांमध्ये दर तिमाहीला यांपैकी एखादा संसर्ग सापडण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ३१.९ टक्के होतं, डॉक्सी घेणाऱ्यांत १०.७ टक्के. दहातल्या तिघांवरून दहातल्या एकावर. प्रतिबंधाच्या शास्त्रात असे आकडे रोज दिसत नाहीत.

गनोरियावर मात्र निकाल गावोगावी वेगळा. अमेरिकेत तो निम्म्याच्या आसपास घटला. फ्रान्सच्या पहिल्या अभ्यासात काहीच फरक नाही, दुसऱ्यात जेमतेम एक तृतीयांश. कारण उघड आहे: टेट्रासायक्लिनला (डॉक्सी याच गटातली) न जुमानणारा गनोरिया जिथे जास्त, तिथे डॉक्सीचा उपयोग कमी. भारतात तो जास्तच आहे. म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, “परम्यासाठी ही गोळी नाही असंच समजा.”

माझ्या जुन्या सहकारी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका, यांना मी हे प्रकरण नाव न सांगता ऐकवलं. त्यांचं उत्तर तडक ‘नाही’. त्यांनी १९७९ सालचा एक अभ्यास काढला. अमेरिकी नौसैनिक सुट्टीवर बंदरात उतरायचे, परतल्यावर त्यांना डॉक्सीच्याच गटातल्या मिनोसायक्लिनचा एक डोस द्यायचे, मात्रा २००च मिलिग्रॅम. गनोरिया कमी झाला, पण कमी झाला तो औषधाला दबणारा. न दबणारा जसाच्या तसा राहिला. “पंचेचाळीस वर्षांपूर्वी कळलेलं आपण पुन्हा करून बघायचं का?” त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचला. डॉक्सी आपल्याकडे स्क्रब टायफस आणि लेप्टो या तापांचं औषध आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डोंगरपट्ट्यातून तापाने फणफणलेला शेतकरी येतो तेव्हा याच औषधाने तो वाचतो. ते औषध शनिवार-रविवारच्या मजेसाठी का झिजवायचं?

‘मजेसाठी’ या शब्दापाशी आमचं वाजलं. आजार कुठून आला यावर तो रोखण्याची लायकी ठरत नाही. मुंबईत पाणी तुंबलं की तिथली महापालिका काय सांगते? तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर लेप्टो होऊ नये म्हणून ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, एक डोस. तेच औषध, तीच मात्रा, तीच मुदत. तेव्हा कुणी विचारत नाही की तुम्ही त्या पाण्यात उतरलातच का.

आणि हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडू. याचे कंडोमशिवायचे प्रसंग महिन्याला चार-पाच, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आठ-दहा कॅप्सूल. माझ्याकडे मुरुमांसाठी येणारी कॉलेजची मुलं रोज एक कॅप्सूल घेतात, महिन्याला तीस, आणि असे दोन-तीन महिने. ती चिठ्ठी लिहिताना पुण्यातल्या एकाही त्वचारोगतज्ज्ञाचा हात थांबत नाही, माझाही नाही. शिवाय नकार दिला असता तर हा माणूस अँटिबायोटिकशिवाय राहणार नव्हताच. तो मेडिकलमध्ये जाऊन ॲझिथ्रोमायसिनच घेणार होता. निवड ‘औषध की औषध नाही’ अशी नव्हतीच मुळी.

तरी प्राध्यापिकाबाईंचं सगळं खोडता येत नाही. सिॲटल-सॅन फ्रान्सिस्कोच्या अभ्यासातल्याच लोकांच्या आतड्यातल्या जंतूंमध्ये टेट्रासायक्लिन-प्रतिकाराच्या जनुकांचं प्रमाण वाढल्याचं पुढे दिसलं. सॅन फ्रान्सिस्को शहरात पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांत आणि ट्रान्स स्त्रियांत क्लॅमिडिया आणि सिफिलिस जवळपास निम्म्यावर आले, पण गनोरिया उतरला नाही. मुरुमांचा दाखला दिला तरी एका गैरवापराने दुसरा रास्त ठरत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर मला उत्तर नाही.

काय दिलं आणि काय नाही

मी डॉक्सी दिली. तीन महिन्यांपुरती, मोजून, चिठ्ठीवर ‘दुकानदाराने पुन्हा देऊ नये’ असं लिहून. बदल्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम पूर्ण बंद. घरात उरलेल्या स्ट्रिप पुढच्या भेटीला आणून दाखवायच्या, अशी अट घातली. त्याने आणल्याही, एका औषध कंपनीच्याच कापडी पिशवीत.

घ्यायची कशी, यावर औषध द्यावं की नाही याच्याइतकाच वेळ गेला. परदेशी पत्रकांत ‘लवकरात लवकर’ असतं. माझा रुग्ण रात्री दोनला बाणेरहून घरी यायचा आणि दोन कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर गिळून आडवा व्हायचा. डॉक्सीची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली की तिथे व्रण करते, छातीत अशी कळ येते की माणूस हार्ट अटॅक समजून इमर्जन्सीत जातो. म्हणून सांगितलं की रात्री नको. मुदत ७२ तासांची आहे, सकाळी नाश्ता करून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. दुधाबरोबर नाही. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड चालू असेल तर त्यात दोन-तीन तासांचं अंतर. उन्हाचं तर वेगळंच प्रकरण: ही गोळी घेतल्यावर कातडी लवकर भाजते, आणि एप्रिलमध्ये दुचाकीवरून वाकड ते हिंजवडी म्हणजे त्या रहदारीत उघड्या हातांवर अर्धा-पाऊण तास ऊन. पूर्ण बाह्यांचा शर्ट.

हिपॅटायटिस बीची लस त्याला लहानपणी मिळालेली नव्हती. ती सुरू केली. तपासणी दर तीन महिन्यांनी, लक्षणं असोत-नसोत: व्हीडीआरएल, एचआयव्ही, तिन्ही ठिकाणची पीसीआर. डॉक्सी घेणाऱ्याने ही तपासणी तर मुळीच टाळायची नाही. सिफिलिस अर्धवट दबून राहिला तर बाहेरून काही दिसणार नाही आणि आत आजार मुरेल.

इथे लैंगिक आजारांसाठीच्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाबद्दल एक सांगितलं पाहिजे. त्याची घडण लक्षणांवरून उपचार करण्याची आहे. सात रंगांची सात पाकिटं. स्राव असेल तर करडं, त्यात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. जखम असेल तर पांढरं, त्यात पेनिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन. लॅब नसलेल्या तालुक्याच्या ठिकाणी या पाकिटांनी असंख्य लोकांचे आजार बरे केले आहेत आणि त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण लक्षणच नसलेल्या माणसाला या रचनेत जागा नाही, आणि गुदद्वारातला किंवा घशातला संसर्ग बहुतेकदा बिनलक्षणाचाच असतो. माझ्या रुग्णाने मेडिकलमधून जे घेतलं ते साधारण करडं पाकीटच होतं. कुणीतरी कधीतरी उपचार म्हणून घेतलेलं, मग मित्रामित्रांत प्रतिबंध म्हणून पसरलेलं.

दुसऱ्या भेटीत त्याने आणखी एक मागणी केली. ऑफिसमधली एक मैत्रीण आहे, २७ वर्षांची, तिलाही हवी आहे, त्याच चिठ्ठीवर आणखी एक स्ट्रिप लिहाल का? मी नाही म्हटलं. चिठ्ठीवर दुसऱ्याचं औषध लिहीत नाही हे तर झालंच, पण तिला स्वतः येऊनही मी ते सहजी दिलं नसतं. केनियात किसुमू इथे १८ ते ३० वयाच्या ४४९ स्त्रियांवर हीच पद्धत तपासली गेली आणि संसर्ग लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. केसांच्या नमुन्यांत औषध शोधलं तेव्हा २०० नमुन्यांपैकी फक्त ५८ मध्ये ते सापडलं. म्हणजे बहुतेकींनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. औषध बायकांमध्ये लागू पडत नाही असं त्यावरून म्हणता येत नाही, पण लागू पडतं असंही नाही. शिवाय गरोदरपणात डॉक्सी टाळायची असते. मैत्रिणीला तपासणीसाठी पाठवा, एवढं सांगितलं. ती नंतर आली. तिला क्लॅमिडिया होता, लक्षण एकही नव्हतं. उपचार झाले.

नऊ महिने

तीन महिन्यांनी व्हीडीआरएल १:१६, सहा महिन्यांनी १:४. चौपट उतार म्हणजे उपचार लागू पडला, इथे तर सोळापट. टीपीएचए जन्मभर पॉझिटिव्ह राहणार, त्यामुळे पुढे कुठल्या वैद्यकीय तपासणीत ती कुणी केली तर घाबरायचं नाही आणि पुन्हा इंजेक्शन घ्यायचं नाही, हे मी कागदावर लिहून दिलं. क्लॅमिडिया तिन्ही वेळा निगेटिव्ह.

सहाव्या महिन्याच्या तपासणीत घशात गनोरिया सापडला. तक्रार काही नव्हती. सेफ्ट्रायॅक्सोन ५०० मिलिग्रॅम दंडात, आणि घशाचा गनोरिया चिवट असल्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा पीसीआर, ती निगेटिव्ह. तो नाराज झाला. गोळी एकदाही चुकवली नव्हती, असं म्हणाला. पहिल्या दिवशी सांगितलेलं वाक्य मी पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, “मग तुम्ही नक्की कशासाठी देताय?” सिफिलिससाठी. मुख्यतः तेवढ्यासाठीच. सिफिलिस मेंदूत, डोळ्यांत, कानांत उतरू शकतो, आणि पुढेमागे लग्न झालं तर बायकोला आणि तिच्या पोटातल्या बाळाला होऊ शकतो.

लग्नाचा विषय त्यानेच आधी काढला होता. गावाकडून स्थळं येत होती. मी त्याला लग्न करा किंवा करू नका असं सांगणारी कोण? पण कुणा मुलीला काहीही न सांगता, कुठलीही तपासणी न करता या व्यवहारात ओढायचं असेल तर मी त्यात सोबत नाही, हे स्पष्ट बोलले. तो गप्प राहिला. पुढच्या खेपेला म्हणाला, “दोन वर्षं कंपनीच्या कामाचं कारण सांगून थांबवलंय.” याहून पुढचं माझ्या हातात नाही.

नवव्या महिन्यात कॅप्सूल मोजल्या तर हिशेब लागेना. महिन्याला दहापर्यंतच्या हिशेबाने दिलेल्या, आणि तो सांगत होता त्यापेक्षा सहा-आठ जास्त संपल्या होत्या. दोन मित्रांना दिल्या होत्या. त्यांना आधी काही झालं होतं का, तपासणी केली होती का, मुरुमासाठी काही चालू होतं का, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. ॲझिथ्रोमायसिनही असंच हाताहातांतून त्याच्यापर्यंत पोचलं होतं. मी औषध थांबवलं नाही, पण तिमाहीऐवजी महिन्याची चिठ्ठी द्यायला लागले आणि मित्रांना इकडे पाठवा असं सांगितलं. एक आला. त्याची व्हीडीआरएल १:३२ निघाली.

प्राध्यापिकाबाईंचं मत बदललेलं नाही. माझंही नाही, पण एका गोष्टीवर आमचं जमलं. पीसीआर जंतू आहे की नाही एवढंच सांगते, तो कुठल्या औषधाला दबतो हे सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून बघावा लागतो, म्हणजे कल्चर, आणि गनोरियाचा जंतू नाजूक, नमुना काही तासांत लॅबला पोचला नाही तर मरतो. या रुग्णाला पुन्हा गनोरिया सापडला तर इंजेक्शनच्या आधी घशाचा नमुना कल्चरसाठी थेट त्यांच्या विभागात पोचवायचा, असं ठरलं आहे. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.